कुलपातला कॉम्प्युटर

चाकूरकडच्या एका शाळेतली गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच. भूकंपात माझी मुलगी भिंतीखाली गेली, तेव्हापासून कुठंही गेलो की मी आधी भिंती बघतो. त्या शाळेत भूकंपानंतर बांधलेली एकच पक्की खोली होती आणि तिला कुलूप होतं. मुलं जुन्या दगडी खोलीत बसली होती.

“कुलपात काय आहे, गुरुजी?” मी हेडमास्तरांना विचारलं.

“कॉम्प्युटर, साहेब. शाळेत लाईट न्हाई अजून, पर नवा कोरा हाय,” ते कौतुकानं म्हणाले.

मुलांच्या पाठीमागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. मी ती दाखवली. “ही बघितली का?”

“हाव की! म्हणून तर कॉम्प्युटर तिकडं हलवला. त्याला काही झालं तर वर जबाब मलाच द्यावा लागतो.”