लख्ख किनारा

डब्याचं झाकण टण्कन उघडलं आणि धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहातली शांतता मोडली. लेकीला मांडीवर घेऊन होडीची वाट बघणाऱ्या आईचे कान समोरच्या बाकावरच्या नणंद-भावजयांकडे लागले. दोघी बेटावरच्या पक्षी वाचवा मंडळाच्या. भावजय अध्यक्ष.

“खा वहिनी, घास घशाखाली उतरत असेल तर.”

“टोमणे नकोत, ताई. आता वनखात्याचे साहेब येतील. घरटी दिसली तरच किनारा राखीव होणार, नाहीतर तो हॉटेलवाला टपलेलाच आहे.”

“मग दाखवा की घरटी.”

“परवापर्यंत होती हो!”

“मी एक दिवस बेटावर नव्हते, तेवढ्यात काय केलंत?”

“साफसफाई! साहेब येणार म्हणून सगळं गाव राबलं. लाटांनी टाकलेलं वाळकं शेवाळ गोळा करून पाण्यात ढकललं. किनारा कसा लख्ख केला!”

“त्या शेवाळातच अंडी घालतात ते.”

“मला काय माहीत? अध्यक्ष झाले म्हणून पक्ष्यांच्या बाळंतपणाला गेले होते का मी?”

“आणि पक्षी?”

“डोक्यावर घिरट्या घालून नुसते ओरडत होते. आम्हाला वाटलं, खूश झालेत. आम्ही हातसुद्धा हलवले.”

“आता साहेबांना काय सांगणार?”

“सांगू, फिरायला गेलेत. येतीलच.”

होडीचा भोंगा वाजला. दोघी पदर सावरत लगबगीनं उठल्या. लेकीनं आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

“आई, पक्षी परत आले, की अंडी कुठे गेली हे त्यांना कोण सांगणार?”