बारीत अडकलेली लदेणी

(बोरी अरबजवळचा बंजाऱ्यांचा तांडा. टळटळीत दुपार. लिंबाखाली बाज, बाजेवर दोन लॅपटॉप आणि उरलेल्या जागेत हिरासिंग. लॅपटॉपांपुढं त्याची लेक जया.)

जया : झोपा बापू तुमी. विंडोजवर प्रोग्राम अजून अडकूनच हाय.

हिरासिंग : झोपलोच तं होतो. त्या लिनक्सवर गेलतं ना?

जया : सरकन गेलं. प्रोग्राम तोच. बाप-प्रोग्राम पोराले जन्म देते, पोरगं पाइपमंदून बापाले सांगते, सांगून झालं का संपते. इथं बापबी बसून हाय, पोरगंबी बसून हाय. कोणाची तक्रार नाही.

हिरासिंग : चांगलं घर दिसते.

जया : आज टेस्ट पास नाही झाली, तं सोमवारपासून पुण्याले येऊन बस म्हणते साहेब. घरून काम बंद.

हिरासिंग : म्हणू दे. मले आत्ता सपन पडलं.

जया : सांगा.

हिरासिंग : पणज्याच्या काळची लदेणी चालली. बैलच बैल, पाठीवर गोण्या. गोण्यांत मीठ नाही, बोलणं भरलेलं. बैल हालला का आतून कुजबुज ये. पुढं डोंगरातली बारी, एका बैलापुरती वाट. पल्याड तांड्याचा नायक बसलेला. म्हणे, शेवटचा बैल बाहेर आला का मंगच गोण्या उतरवू. पल्याडची जागा बैलांनं भरून गेली, मागचे बारीत अडकले. म्या नायकाले लय शिव्या देल्या. त्यानं तोंड फिरवलं, तं मीच.

जया : थांबा.

हिरासिंग : थांबलोच हावो. बैलबी थांबून हायेत.

जया : बापू, म्या हेच करून ठेवलं. पोरगं पुरतं संपल्यावरच बापानं ऐकायचं, असं लिहिलं. लिनक्सचा पाइप मोठा, सगळं त्यात मावलं. विंडोजचा लहान, भरला. आता पोरगं म्हणते, बाप ऐकन तं पुढं बोलतो. बाप म्हणते, तुह्यं संपू दे, मंग ऐकतो.

हिरासिंग : मंग?

जया : आता बोलणं चालू असतानाच ऐकाले लावते बापाले... चाललं. पुण्यातल्या मॅकवरबी चाललं.

हिरासिंग : म्हणजे सोमवारी?

जया : इथंच.

हिरासिंग : लखनले सांगा लागन. दारव्ह्यापर्यंत त्याच्या जीपमंदी सोमवारची जागा धरून ठेवली होती.

जया : मले घालवाची एवढी घाई?

हिरासिंग : दोन धरल्या होत्या.