बसंतीच्या बाजूची स्प्रिंग

टेढी नाही ते. एक डोळा मिटून, मुंडकं खाली घालून पायशील तर देवळाचा कळसही टेढाच दिसन. उठ, सरळ उभा राह्य, मंग पाय. — अजूनही टेढी दिसते? बरं. दिसते तर दिसते. मांगची डावी बाजू दोन बोटं वर आहे, मले ठाव आहे, तू नवीन काही सांगून नाही राह्यला. पलटी नाही खाल्ली गाडीनं, कोणाले ठोकली नाही, नाल्यात गेली नाही. तू बोलला नाही, पण तुह्या तोंडावर दिसून राह्यलं ना — का डोकरा काहीतरी लपवून राह्यला. बस त्या खाटेवर. पाणी पे. बाभुळगावाहून एवढ्या उन्हात फटफटीवर आला, अन् आल्याबरोबर गाडीखाली घुसला, अशी रीत असते काय कोणाच्या घरी जायाची? कोणाचा तू? — नागोराव गवंड्याचा? मंग आधी सांगत काहून नाही. नागोरावनं आमच्या तांड्याचं सभागृह बांधलं, भिंत अशी ओळंब्यात का पायतच राहावं, अन् पोराचं नाव ठेवलं विक्की. जाऊ दे, त्यात तुहा काय दोष.

मोबाईलवर पाह्यली ना गाडी? बादलनं टाकली. माहा पोरगा बादल, तिकडं चाकणले कंपनीत असते आता. फोटो उजवीकडून काढला त्यानं, म्हणून तुले समजलं नाही. हुशार आहे लेकाचा — नाही, हुशारी नाही ते. डावीकडून काढताच आला नसन त्याले. मी म्हटलं होतं, नोको टाकू मोबाईलवर. म्हणे, बापू, उभ्या उभ्या सडून जाईन, कोणाच्या कामी तरी येईन. बरं म्हटलं. आता त्याचं ऐकावं लागते, माहं कोण ऐकते? चाबी माह्या कमरेले आहे, दाखवतो, घाई नोको करू. तुह्यासारखे दोघं येऊन गेले. एकाले म्हटलं बॅटरी बसली, एकाले म्हटलं कागदं बादलजवळ आहेत. तू नागोरावचा म्हणून तुले बसवलं.

गाडी बारकी आहे, पण कंपनीतून आली तशी राह्यली नाही ते, बादलनं सगळी खोलून पुन्हा बांधली. आयटीआय केला त्यानं, यवतमाळले गॅरेजवर होता. आधी वरचा कॅरियर काढून फेकला — म्हणे हवा अडते. मंग पोटाखाली पत्रा ठोकला सपाट, म्हणे हवा सरकून जाते. गाण्याचा डबा काढला, अन् गाण्याशिवाय त्याले जेवण जात नव्हतं, सांगतो तुले. स्टेपनी घरात आणून ठेवली, माह्या खाटेखाली — रात्रंदिवस रबराचा वास. दाराच्या आतले पुठ्ठे काढले. उजव्या हातची मांगची अर्धी सीट कापून टाकली. जे जे जड ते ते बाहेर. मी म्हणो, लेका, आता इंजिनही काढ अन् ढकलत ने. तो हासे. टायरमधली हवा सकाळी उठून तपासे, जसं कोणी म्हशीचं थान पायते. एका लिटरमागं अर्धा किलोमीटर वाढला का तांडाभर सांगत फिरे, अन् एक घटला का त्या दिवशी भाकर गोड नाही लागे त्याले. एव्हरेज, एव्हरेज, एव्हरेज — दुसरा शब्दच नाही तोंडात.

अन् वळणावरचं वेगळंच खूळ. मांगच्या दोन चाकांच्या मधात लोखंडी रॉड टाकला, शॉकप कडक टाकले, चाकं सरळ करून आणली. म्हणे, बापू, वळणावर गाडी एका अंगावर झोपते, ते झोपू नाही पायजे. एकदा तर एवढी खाली बसवली का कळंबच्या गतिरोधकावर पोट घासलं, खर्रकन, चिंतामणीच्या दर्शनाले आलेल्या बाया मांगं वळून पाहू लागल्या. तांड्यावरचे पोट्टे म्हणत, बादलची गाडी घोरपडीवानी चालते. मंग पुन्हा वर उचलली. मलेही वाटलं शौक आहे, पोट्ट्याले शर्यत लावायची असन. घरात याडी दुखण्यानं पडली, अन् याले गाडी सजवायचं सुचून राह्यलं — याडी म्हणजे आई रे, आमच्या गोरबोलीत. आम्ही लभानी लोक, घरात वेगळं बोलतो, दारात वेगळं.

बसंती. माही बायको. किडनी गेल्या दोन्ही. हप्त्यातून तीन वेळा यवतमाळले न्या, मशीनवर रक्त धुवा, अन् घरी आणा. दवाखान्यात पैसा लागत नव्हता, पण जाणं-येणं कोण फुकट देते? एसटीत बसवून पाह्यलं — मशीनवरून उतरली का तिले चक्कर, अन् वळण आलं का उलटी. डांबरीपासून आमच्या तांड्यापर्यंत रस्ता पाह्यला ना तू, सरळ असा कोठं आहेच नाही. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून बसे बिचारी, अन् म्हणे, आता नोको नेऊ मले, राह्यलं तेवढं राह्यलं. तेव्हा पोट्ट्यानं हे जुनी गाडी आणली. — समजलं का आता? ते रॉड, ते शॉकप, कोणाले दाखवायले नव्हतं. तिच्या पोटातलं पाणी हलू नाही म्हणून होतं. अन् एव्हरेज कशापायी, तर पेट्रोल संपलं म्हणून एकही खेप चुकू नाही. मले सांगितलं काहून नाही त्यानं? मी विचारलं काहून नाही? हे आपलं असंच, बाप-पोराचं.

ती बसे मांगं, डाव्या हातले, पाय लांब करून, उशी लावून. अंगानं भारी बाई होती, बसली का गाडी त्या बाजूनं दबे. दबली का वळणावर झोके. मंग बादलनं त्या एका चाकाले कडक स्प्रिंग टाकली, खाली रबर देलं. रिकामी गाडी डावीकडून दोन बोटं वर — अन् ती आत बसली का सपाट. एकदम सपाट, ताटात पाणी भरून ठेव, थेंब नाही सांडायचा. तिच्या मापाची स्प्रिंग आहे ते. चोळी जशी मापाची शिवते तशी. पह्यल्या दिवशी घरापर्यंत उलटी झाली नाही तिले. उतरली अन् म्हणे, बादल, पाळण्यात बसल्यासारखं वाटलं रे. पोट्टा बॉनेट उघडून उभा राह्यला, तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं.

तिचं अंग मंग उतरत गेलं. हळूहळू, घरातल्या माणसाले दिसत नाही ते. आम्ही रोज पायतो ना, आम्हाले तशीच वाटे. गाडीले समजलं आधी. ती बसली तरी डावी बाजू पूर्ण खाली येईच ना. आधी अर्धं बोट वर. मंग एक बोट. बादल मांगं उभा राहून पाहे अन् तोंड फिरवे. अन् एक दिवस बसंतीनंच विचारलं मले, गाडी अशी काहून उभी आहे हो? मी म्हटलं, जमीन टेढी आहे. — तुलेही आल्या आल्या तेच म्हणणार होतो.

आमच्या आज्याच्या वख्ती बैलावर माल लादत, लदेणी म्हणत त्याले. मीठ, धान, हैदराबादेपर्यंत. बैलाच्या दोन्ही अंगाले गोण, दोन्ही सारख्या. एका गोणीतला माल इकला, हलकी झाली, तर त्या बाजूनं दगड टाकत. नाहीतर बैलाची पाठ सोलून निघते. ते माह्या डोक्यात होतं. मी काय केलं — तिच्या जात्याची वरची तळी उचलली, पोत्यात गुंडाळली, अन् पहाटे तिच्या सीटखाली ठेवून देली. कोणाले सांगितलं नाही. ती येऊन बसली, गाडी सपाट. बरं वाटलं मले. तिलेही बरं वाटलं असन, म्हटलं.

पण एव्हरेज पडला ना. पोट्टा येडा व्हायची वेळ आली. प्लग बदलला, फिल्टर साफ केला, ब्रेक धरून राह्यलं काय म्हणून चारही चाकं खोलली. मी खाटेवर बसून पायतो. शेवटी सीटखाली हात घातला त्यानं. बाहेर आली तळी. अन् ओरडला माह्यावर, तांडा गोळा व्हायचा बाकी राह्यला — बापू, मी गाण्याचा डबा काढला, स्टेपनी काढली, दाराचे पुठ्ठे काढले, अन् तू दगड टाकतं गाडीत? कायले? गाडी टेढी दिसे, एवढंच निघालं माह्या तोंडातून. त्यानं त्या तळीकडे पाह्यलं, मंग घराच्या दाराकडे पाह्यलं, तिथं बसंती भिंतीले टेकून बसली होती. आत गेला, पट्टी आणली, नटबोल्ट आणले, अन् ती तळी तिथंच आवळून बसवली, वळणावर सरकू नाही म्हणून. त्यानं, हां. एक एक पाव किलो काढणाऱ्यानं.

अन् तिले ठाव होतं, बाप्पा. पह्यल्या दिवसापासून ठाव होतं. टाच लागली म्हणे तिची, कपडा सरकला तर दगडावरचे टाकीचे घाव ओळखले. आपलं जातं बाई आंधारातही ओळखते. मले म्हणे, इतके वर्षं मी त्याले फिरवलं, आता ते मले फिरवते. अन् हासली. बादलले नोको सांगू मले समजलं म्हणून, म्हणे. मी सांगितलं नाही. आजपर्यंत नाही सांगितलं. तुले काहून सांगून राह्यलो काय माहीत, गाडी पाहायले आला तू.

त्या दिवशीही चांगलीच गेली होती. रस्त्यानं बोलत होती, बबिताच्या पोरीचं नाव काय ठेवायचं — बबिता आमची पोरगी, पुसदले देली. ती आत मशीनवर, आम्ही बाहेर बाकड्यावर बसून. नर्सबाई आली अन् तिनं बादलले आवाज देला, मले नाही. तिथंच समजून गेलो मी. मंग दवाखान्याची गाडी देली, झोपवूनच न्यावं लागते म्हणे. आमच्या गाडीत झोपवायले जागा कोठं, सीट कापलेली. ती समोरच्या गाडीत, आम्ही मांगून. मी समोर, बादल बाजूले, मांगं कोणी नाही. अन् डांबरीवरून आत वळलो तर पोट्ट्यानं गाडी तशीच हळू घातली वळणावर, जशी तिच्यासाठी घाले. प्रत्येक वळणावर. समोरची गाडी दूर निघून गेली, धुराळा दिसे फक्त.

तेरवी झाल्यावर तळी काढली त्यानं, घरात आणून जात्यावर बसवली. मंग पंपावर गेला, टाकी फुल केली, दोन-चार रोज चालवली, पुन्हा फुल केली. आला अन् ओट्यावर बसला. म्हणे, बापू, एवढा एव्हरेज आजपर्यंत कधी नाही आला. ज्या आकड्यासाठी दोन वर्षं हात काळे केले, तो आकडा आला म्हणे. बसून राह्यला तसाच. दुसऱ्या हप्त्यात चाकणले निघून गेला, गाडी इथंच.

मले चालवता येत नाही. चालू करता येते. बॅटरी बसू नाही म्हणून सकाळी चाबी फिरवतो अन् समोर बसतो, माह्या जागेवर. आता थोडा वेळ बसतो का जास्त वेळ बसतो, तुले काय करायचं. मांगं पायत नाही. मांगं नाही पाह्यलं तर —

कुठं चालला? ऐकून घे ना. ते दार नोको उघडू, डाव्या बाजूचं — समोरून पाय, इंजिन पाय, बॉनेट उघडून देतो. विक्की. अरे, बसून काय पायतं आत, उशी आहे तिथं, उशी नोको...

...

हलू नोको.

हलू नोको म्हटलं ना. तसाच राह्य. मले इकडून पाहू दे.

आली खाली. आवाज आला ना, कुच्च करून? तोच आवाज. पाय, सपाट झाली. मी सांगितलं होतं ना तुले, टेढी नाही ते. — किती वजन आहे तुहं? नोको सांगू. नोको सांगू मले.

बस थोडा. ऊन उतरू दे.

...

नाही. उतर. उतर आता तिथून. उशी होती तशी ठेव, त्या कोपऱ्यात. गाडी नाही द्यायची, नागोरावले म्हणजो डोकऱ्यानं नाही म्हटलं, त्याले राग नाही येणार. अन् बादलचा फोन आला तर सांगजो, गाडी टेढी आहे, मांगून डावी बाजू वर आहे, पसंत नाही पडली. खोटं थोडीच आहे ते. दार हळू लाव. आदळलेलं चालत नव्हतं तिले.

जाय आता.