सहावा पेला

‘एक घोट चांदोबाला, एक घोट चांदणीला,’ असं गात आई कडू औषध पाजायची. एमआरआयच्या खोलीबाहेर पेशंटना पेले भरून देताना दवाखान्यातल्या मावशींच्या कानात अजून आपल्या आईचा तोच आवाज असे. आज बाकावर एक शिंपी बसला होता. आतडं भरून नीट दिसावं म्हणून त्याला पाऊण तासात सहा पेले औषधी पाणी संपवायचं होतं. शेजारी त्याची थोरली बहीण घड्याळावर नजर ठेवून होती.

“पी रे, पाचवाच आहे.”

“ताई, पोटाचा पार माठ झालाय.”

“एरवी लोकांची मापं घेतोस ना? आज तुझं घेताहेत. पी.”

“पण आता दुखत कुठंय? मग कशाला हा खटाटोप?”

“दुखलं नाही तरी आत सूज असते म्हणे. वर्षभर गोळ्या खाऊनही ती दिसली, तर गोळ्या लागू पडत नाहीत असं धरून डॉक्टर इंजेक्शनं सुरू करणार.”

“इंजेक्शनं?”

“चांगली जालीम. पण तू कशाला घाबरतोस? एक गोळी चुकवली नाहीस. मी तर सगळ्यांना सांगते, आमचं धांदरट शहाणं झालं.”

“ताई...”

“पाचवा झाला ना? आधी हा सहावा संपव.”

त्यानं तो एका दमात संपवला.

“मावशी, आत जाण्याआधी डॉक्टर भेटतील?”

“बोलावते की. काय सांगू त्यांना?”

“थांबा, आधी हिला सांगतो. ताई, दुखायचं थांबलं तेव्हाच मी गोळ्या सोडल्या. चार महिने झाले.”