लिफ्ट बंद आहे, रेणू चालतोय

खाल्लीस? अख्खी पुडी? — रागावलो नाहीये, बस — पण पेइ-शान, मशीनच्या डोक्यावर ठेवलेला खाऊ कुणी खातं का? तुमच्या कॉलेजात ठेवत नाहीत? हिरवीच लागते, न फोडलेली, तारीख न उलटलेली — पिवळी ठेवली की मशीन कुरकुरतं, लाल ठेवली की बंदच पडतं. हसू नकोस, बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, त्या खाऊचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. हो, भौतिकशास्त्रच शिकलोय मी. म्हणून तर ठेवतो. भौतिकशास्त्राला जे जमण्यासारखं होतं ते सगळं करून झालं.

आणि सर काय म्हणतेस, दादा म्हण, इथली धाकटी मुलं तेच म्हणतात. सर म्हणजे जिएन सर — त्यांनीच पाठवलं ना, जैवभौतिकी का शिकायची ते दादाला विचार म्हणून? मला काय म्हणाले ठाऊक आहे? या मशीनला वारस आण, डिग्री घे आणि सूट. इथे शिनचूत चिपच्या कारखान्यात नोकरी वाट बघतेय माझी — म्हणजे तू हो म्हणालीस की मी मोकळा. हे तुला सांगायचं नव्हतं खरं तर. असो.

तर का शिकायची? आपल्या पेशीत एक रेणू असतो, दोन पायांचा, स्वतःपेक्षा कितीतरी मोठं गाठोडं ओढत दोरीवरून चालतो. शाळेत फळ्यावर चित्र बघितलं आणि म्हटलं, अरे, हे तर आमचे बाबा — बाबा आमच्या गावी, जियायीत, गॅसच्या टाक्या पोचवतात, खांद्यावर टाकून चार-चार मजले. घरी जाऊन सांगितलं तर म्हणाले, "गुडघे दुखत नसतील त्याचे?" म्हटलं गुडघे नाहीत. "बरं आहे. आणि पोचल्यावर?" म्हटलं, पोचल्यावर पडतो. "मग उचलतं कोण?" — त्या एका प्रश्नापायी इथवर आलोय मी. जिएन सरांना बोलू नकोस, त्यांना वाटतं मला कर्करोगावर औषध शोधायचंय. अर्जात तसं लिहिलं होतं, सगळेच लिहितात.

आता हे मशीन — लेझरने त्या रेणूचं गाठोडं चिमटीत धरायचं, की त्याचं पाऊल मोजता येतं. पण लिफ्ट हलली की चिमटा हलतो, म्हणून लिफ्ट बंद — अख्खी इमारत जिने चढते आणि माझ्या नावाने बोटं मोडते. खरं काम होतं ते वादळाच्या सुट्टीत, शहर चिडीचूप असतं तेव्हा. गेल्या वादळात चालला तो. एक पाऊल, दुसरं, मग थांबला — बाबा तिसऱ्या मजल्यावर थांबतात ना, टाकी न उतरवता, भिंतीला टेकून, अगदी तसा — आणि मग परत एक पाऊल. मी उठून उभा राहिलो. मोठं माणूस ओझं घेऊन चढताना आपण खुर्चीत बसून राहायचं का? — तर माझ्याच उठण्याने जमीन हलली, आणि पडला बिचारा. खूप रडलो मी. इथेच, या स्टुलावर.

काय? आवडलं? येतेस — नक्की? आजच सांगतेस सरांना? बरं. छान झालं. सुटलोच म्हणायचा मी. — तो स्क्रू नको फिरवूस. नाही, काही झालं नाही, पण नको. तू पाय आपटत चालतेस, दचकेल तो — आणि तो थांबला की तुला वाटेल मशीन बिघडलं, तू बटण बंद करशील, तुला काय कळणार तो दम खातोय म्हणून. हे बघ, सरांना सांग तुला नाही आवडलं. सांग, दादा विक्षिप्त आहे, पटेल त्यांना. दुसऱ्या मजल्यावर माशांच्या मेंदूवर काम चालतं, चांगली माणसं आहेत, चहा देतात. नोकरीचं काय, नोकरी जाईल दुसऱ्या कुणाला. — ऊठ तू. त्याला मी कुणाच्या हवाली करणार नाही.