डाव्या हाताची चार बोटं

पासपोर्टच्या रांगेत एका नर्सचा नंबर म्हाताऱ्या जोडप्याच्या मागे होता. डोळे हातातल्या फॉर्मवर होते, कान मात्र पुढच्या खिडकीला लागलेले.

"काकू, उजवा हात झाला. आता डाव्या हाताची चार बोटं काचेवर दाबून ठेवा. छे, ठसे उमटतच नाहीत."

"परत ठेवते."

"चौथी वेळ ही. टोकं दाखवा बघू. बाप रे! असे घट्टे मी गवंड्यांच्या हाताला बघतो. काम काय करता?"

"गिटार वाजवते."

"शिकते," नवरोबा पुटपुटले.

"पासष्टी उलटल्यावर सुरू केलं, सात महिने झाले. साहेब, ते घट्ट्यांचं परत एकदा म्हणा ना. जरा मोठ्यानं, ह्यांना कमी ऐकू येतं."

"ऐकलं मी."

"हेच म्हणाले होते, आठ दिवसांत गिटार माळ्यावर जाईल!"

"काकू, पंधरा दिवस वाजवणं बंद ठेवा. कातडी मऊ पडली की या."

नवरोबा खिडकीशी सरकले.

"ते नाही जमायचं, साहेब. तो अवघड एफ कॉर्ड तिचा परवा कुठे बसलाय. आता हात सुटला तर सगळं पहिल्यापासून."

"अहो! तुम्हाला कसं कळलं?"

"इतके दिवस नुसता ठणठणत होता. परवा वाजला. दाढी करता करता थांबलो मी."

"बरं, ठसे उमटत नाहीत असा शेरा मारतो. पण कारण काय लिहू?"

"रियाज लिहा," नवरोबा म्हणाले. चांगले मोठ्यानं.