मागचं पान

फेब्रुवारी १९५८. अकोला स्टेशनावर पेपरसाठी रांग लागली होती. सकाळी रेडिओवर ऐकलेलं खोटं असावं, एवढ्याच आशेनं मोरोपंत वकील रांगेत उभे होते. पुढं दोघे भाजीवाले टोपल्या पायाशी ठेवून बोलत होते.

“पेपर राहू दे गा शेषराव. वांगे वाळून राहिले, बजारात चाल.”

“वाळू दे! परवा बेलग्रेडले युरोप कपाची फुटबॉल मॅच झाली. ज्या मँचेस्टरचं नाव आपण आपल्या टीमले देलं, त्याईचं काय झालं ते पायल्याबिगर मी हालत नायी.”

“मले मालूम हाय.”

“हाटेलात रेडिओ ऐकला काय तू? सांगू नको! मी छापलेलंच वाचतो.”

“मी कुठं सांगून राहिलो?”

“मंग तोंड कावून पडलं तुयं? हारले?”

“नायी हारले.”

“सांगितलंच ना बाप्पा!”

पेपर आला. शेषरावनं नेहमीसारखं मागचं, खेळाचं पान आधी धरलं.

“तीन-तीन! पयली मॅच तं आपण जिंकलोच होतो. पोट्टे सेमीफायनलले पोचले! उत्तमराव, हास ना गा!”

“हासतो.”

“आता विमानानं घरी पोचले असतीन. माय ओवाळत असन एकेकाले.”

“शेषराव, पेपर घडी कर. पयलं पान नको पाहू.”

“कावून?”

उत्तमरावच्या पंजाखालून मथळ्याचं टोक मोरोपंतांना दिसलं: ‘विमान कोसळून...’ ते पेपर न घेताच रांगेतून बाहेर पडले.

मागून शेषरावचा आवाज आला: “उत्तमराव, हात काढ.”